सावकाराची कीर्द वाचून घ्यायची आहे? मोडी लिप्यंतर सेवेचा आढावा

तालुक्याच्या गावातलं पेठेतलं जुनं घर, माळ्यावरची पेटी, पेटीत लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांबट चोपड्या. घरात पिढ्यान् पिढ्या सांगितलं जातं की खापरपणजोबा मोठे सावकार होते, कापसाचा व्यापार होता, धर्मशाळा त्यांनी बांधली, गावचे पहिले नगराध्यक्ष तेच. पुरावा त्या चोपड्यांत असतो आणि चोपड्या असतात मोडीत. कुलवृत्तांत छापायचा ठरला की मग मोडी वाचणाऱ्याचा शोध सुरू होतो. हा आढावा अशा घरांसाठी आहे: ही सेवा कोण देतं, काय चांगलं मिळतं, पैसे कुठे वाया जातात आणि हातात आलेलं काम बरोबर आहे की नाही हे मोडीचं एक अक्षर न येताही कसं तपासायचं.

निष्कर्ष आधीच सांगतो. एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी घराण्यासाठी पैसे देऊन करून घेतलेलं लिप्यंतर, म्हणजे मोडी मजकूर देवनागरीत उतरवून घेणं, ही सगळ्यात उपयोगी सेवा आहे, छापखान्यावर आणि सजवलेल्या वंशवृक्षावर खर्च करण्याआधी याच्यावर करावा. पण पेटी उचलून देऊन "सगळं वाचून द्या" म्हणणं हा सर्वांत महागडा मार्ग आहे. वीस वर्षांच्या कीर्दींत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्यांत, नव्वद टक्के ओळी तूप, सरकी, सुतळी आणि हमालीच्या असतात.

सेवा साधारण तीन तऱ्हेची मिळते. एक, स्वतंत्रपणे काम करणारे लिप्यंतरकार. यांत निवृत्त महसूल कर्मचारी, इतिहासाचे अभ्यासक आणि पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गातून तयार झालेले लोक येतात. दोन, संशोधन संस्थांच्या आधाराने काम करणारे जाणकार. पुण्यात १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ अशा ठिकाणी चौकशी केली की वाचणारे सापडतात. तीन, फोटो पाठवा, टंकलेखन घ्या अशी ऑनलाइन कामं घेणारे. तिसरा प्रकार एखाद्या खरेदीखतासाठी ठीक आहे. सावकारी दप्तरासाठी मी तो सुचवणार नाही, कारण तिथे कागद कोण वाचतंय हे बहुधा कळत नाही आणि शंका विचारायला माणूस समोर नसतो.

एक फरक नीट समजून घ्या. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना मोठी मागणी आली. गाव नमुना १४, शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी वाचण्यात अनेकांचा हात बसला. त्या नोंदींचा साचा ठरलेला असतो: नाव, बापाचं नाव, जात, तारीख. कीर्द आणि खतावणी (खातेवार हिशेबाची वही) यांना असा साचा नसतो. तिथे गुमास्त्याची, म्हणजे पेढीच्या कारकुनाची, घाईची आंग्लकालीन मोडी, शब्द न तोडता ओढलेली ओळ, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, आणि निम्मा मजकूर संक्षेपात. त्यामुळे "किती वर्षं मोडी वाचता?" यापेक्षा "कीर्द वाचली आहे का? तेरीज म्हणजे काय?" हा प्रश्न विचारावा. तेरीज म्हणजे खात्यांच्या रकमांचा गोषवारा. हे ज्याला अडखळत सांगावं लागतं, त्याला सावकारी चोपडी देऊ नये.

आणि त्याहूनही आधीची गोष्ट: चोपडी मोडीतच आहे ना? पेठेतला व्यापारी मारवाडी किंवा गुजर घराण्यातला असेल तर त्याची वही महाजनी या व्यापाऱ्यांच्या लिपीत असण्याची शक्यता मोठी. त्यात काना-मात्रा बहुतेक गाळलेल्या असतात आणि मोडी उत्तम येणारा माणूसही तिथे थांबतो. एकाच घरात व्यापाराची वही महाजनीत आणि सरकारदरबारचे कागद मोडीत, असंही सर्रास असतं. प्रत्येक चोपडीचं एक पान आधी दाखवून लिपी कोणती ते ठरवून घ्या, मगच कामाचं बोला.

काय वाचायला द्यावं

पहिल्या हप्त्यात वाटणीपत्र, दत्तकपत्र, वारसाचे कागद आणि गहाणखतं-खरेदीखतं द्या. एका वाटणीपत्रात भावांची नावं, कोण हयात, कोणाची विधवा, कुठली घरं, कुठली जमीन, किती येणं बुडीत, हे सगळं एका जागी मिळतं. अशा दहा पानांनी वंशावळीचा सांगाडा उभा राहतो. दुसऱ्या हप्त्यात खतावणीची अनुक्रमणिका आणि प्रत्येक वर्षाची तेरीज. खात्यांची नावं कळली की कुठलं खातं पूर्ण वाचायचं हे तुम्हाला ठरवता येतं. रोजकीर्द सगळ्यात शेवटी, आणि तीही निवडून.

कीर्दीत काय निवडायचं? तीन जागा. लग्नखर्च आणि त्याला जोडलेली आहेराची यादी. धर्मादाय खात्याशी जोडलेल्या नोंदी. आणि श्राद्धाचे खर्च.

आहेराच्या यादीकडे लोक दुर्लक्ष करतात. छापील कुलवृत्तांतात मुली "अमुक घराण्यात दिली" एवढ्यावर संपतात, कित्येकदा तेवढंही नसतं. आहेराच्या यादीत मात्र कोणाकडून लुगडं, कोणाकडून पागोटं, कोणाकडून रोख किती, हे गावाच्या नावासह लिहिलेलं असतं, कारण तो आहेर पुढे परत करायचा असतो. व्याही, जावई, मामे-मावस नाती या यादीतून जितकी सापडतात तितकी दुसऱ्या कुठल्याच कागदात सापडत नाहीत.

श्राद्धाची नोंद तर मृत्यूच्या दाखल्याच्या तोडीची आहे. समजा एका वर्षापासून दर मार्गशीर्ष वद्य पंचमीला श्राद्धाचा शिधा-दक्षिणा खर्ची पडू लागली आणि भाद्रपद वद्य पंचमीलाही तसाच खर्च दिसतो. पहिली नोंद सांवत्सरिक श्राद्धाची, दुसरी पितृपक्षातली, दोन्हींची तिथी एकच. मृत्यूची तिथी वद्य पंचमी, महिना मार्गशीर्ष, आणि जिथे पहिलं वर्षश्राद्ध दिसतं त्याच्या आदलं वर्ष हे मृत्यूचं वर्ष. एक सावधगिरी: भाद्रपद वद्य नवमीचा खर्च दिसला की लगेच मृत्युतिथी नवमी धरू नका. ती अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी होतं, तिची खरी तिथी दुसरी असते. लिप्यंतरकाराला म्हणूनच आधी सांगून ठेवायचं की "श्राद्ध" शब्द जिथे दिसेल तिथली तिथी गाळू नका. सरधोपट काम करणारे महिना लिहितात आणि तिथी सोडून देतात.

आकडे तपासायची रीत

आता सगळ्यात महत्त्वाचं. कीर्द ही अशी वही आहे की तिच्या लिप्यंतराची परीक्षा तिच्यातच असते. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, म्हणजे खर्च. जमेच्या बाजूला आरंभीची शिल्लक, खाली दिवसाची आवक. बेरजेतून नावे वजा केलं की अखेर शिल्लक. तीच दुसऱ्या दिवसाची आरंभीची शिल्लक. म्हणजे प्रत्येक दिवसाचा हिशेब मागच्या-पुढच्या दिवसाला बांधलेला. लिप्यंतर बरोबर असेल तर हिशेब जुळतो. नाही जुळला तर कुठेतरी वाचन चुकलंय, किंवा क्वचित गुमास्ताच चुकलाय. तसं असेल तर पुढच्या पानावर त्याने केलेली दुरुस्ती सापडते.

रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, हे ध्यानात ठेवा. उभी रेघ म्हणजे पाव रुपया, म्हणजे ४ आणे; दोन उभ्या म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आडव्या रेघा सुट्या आण्यांच्या. उदाहरण घेऊ. आरंभीची शिल्लक ८७॥, जमा ४०।-, नावे २५॥।=. म्हणजे ८७ रुपये ८ आणे अधिक ४० रुपये ५ आणे, बेरीज १२७ रुपये १३ आणे. त्यातून २५ रुपये १४ आणे गेले, राहिले १०१ रुपये १५ आणे. वहीत अखेर शिल्लक १०१॥।≡ दिसली पाहिजे.

न जुळल्यास फरक किती ते पाहा, फरकच कारण सांगतो. एका आण्याचा फरक म्हणजे आडवी रेघ सुटली. चार आण्यांचा म्हणजे उभी रेघ सुटली किंवा जास्तीची धरली. ८ रुपयांचा किंवा ८० रुपयांचा फरक दिसला तर १ आणि ९ ची अदलाबदल शोधा. बोरूच्या घाईत या दोन आकड्यांचं शेपूट सारखंच खाली येतं. आठ आण्यांचा फरक सगळ्यात फसवा. मोडीत संक्षेपाची खूणही दोन उभ्या रेघांची: रुपये लिहिताना "रु॥", परगणे लिहिताना "प॥", मुक्काम लिहिताना "मु॥". अक्षरानंतरच्या दोन रेघा म्हणजे संक्षेप, आकड्यानंतरच्या दोन रेघा म्हणजे अर्धा. कीर्द न वाचलेला माणूस इथे हमखास घसरतो आणि पानभर रकमा आठ-आठ आण्यांनी सरकतात.

म्हणून काम देण्याआधी चाचणी घ्या: सलग तीन दिवसांची पानं द्या, मधल्या पानाच्या बेरजा झाकलेली प्रत द्या. बेरजा वहीशी जुळल्या तर माणूस पक्का. कुठल्याही शिफारसपत्रापेक्षा ही चाचणी भरवशाची आहे, आणि चांगला लिप्यंतरकार ती आनंदाने देतो.

नावांना मात्र बेरजेसारखा आधार नाही. तिथे खतावणीशी पडताळा करायचा. कीर्दीतल्या नोंदीपुढे खात्याच्या पानाचा आकडा असतो. तेच नाव खतावणीत दुसऱ्या दिवशी, बहुधा जरा निवांत हाताने लिहिलेलं असतं. दोन्हीकडे वाचून नाव पक्कं करणं हे लिप्यंतरकाराचं काम आहे आणि ते बोलीतच ठरवून घ्यावं. "बिन" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" म्हणजे अमक्याची बायको. हे शब्द नावाचा भाग समजून "बिनशिवाजी" असं आडनाव छापलेले कुलवृत्तांत असू शकतात, तुमचा तसा होऊ देऊ नका. "हस्ते" किंवा "गुजारत"पुढचा माणूस फक्त पैसे घेऊन आलेला असतो. तो खातेदार नव्हे. भागीदार म्हणून त्याला वंशावळीच्या टिपेत घातलं की पुढचं सगळं चुकतं.

वजनमापं आणि नाणी जशीच्या तशी ठेवायला सांगा. ४० शेरांचा मण, ३ मणांचा पल्ला, २० मणांची खंडी ही सर्वसाधारण कोष्टकं असली तरी शेर गावोगाव वेगळा होता, त्यामुळे लिप्यंतरातच किलो करून देणाऱ्याला थांबवा. रुपयाचंही तेच. १८३५ साली कंपनीचा एकसारखा रुपया निघाला तरी जुन्या चोपड्यांत चांदवडी, अंकुशी, हैदराबादकडच्या व्यवहारात हाली असे रुपये पुढेही दिसतात आणि त्यांच्यावर बट्टा, म्हणजे नाणं बदलताना कापली जाणारी रक्कम, लागतो. "रु॥ १०० चांदवड" याचं "१०० रुपये" केलं की बट्ट्याची ओळ निरर्थक होते.

तारखा: इथे निम्मे कुलवृत्तांत वर्षाने चुकतात

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. शके १८०० च्या आषाढातली गोष्ट १८७८ ची, त्याच शकाच्या माघातली १८७९ ची. फसली सन मृगापासून मोजला जातो. जून ते डिसेंबर ५९० मिळवा, जानेवारी ते मे ५९१. जुन्या कागदांवर अरबी शब्दांतला सुहूर सन असतो, त्यात ५९९ किंवा ६००. "इसन्ने अशर मयातैन व अलफ" म्हणजे दोन, दहा, दोनशे आणि हजार: १२१२, अर्थात १८११-१२.

व्यापाऱ्याच्या वहीचं वर्ष याहून निराळं. नवी वही दिवाळीला पुजली जाते, त्यामुळे वहीच्या पुठ्ठ्यावरचं साल हे दोन इसवी सनांत विभागलेलं असतं. गुजराती वहीतला संवत कार्तिकात बदलतो, मारवाडी वहीतला चैत्रात; चैत्र ते आश्विन या काळात दोघांच्या आकड्यात एकाचा फरक. शिवाय उत्तरेकडच्या रीतीने महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून मारवाडी वहीतलं मार्गशीर्षाचं वद्य म्हणजे आपलं कार्तिक वद्य. शुद्ध पक्षात दोन्हीकडे नाव एकच. लिप्यंतरकाराने मूळ तिथी, मूळ साल आणि कंसात इसवी तारीख असं तिन्ही द्यावं. फक्त इंग्रजी तारीख देणारं काम परत करावं, कारण चूक झाली तर मागे जाऊन शोधायला काही उरत नाही.

"पहिले नगराध्यक्ष" आणि "धर्मशाळा बांधली"

लिप्यंतरकाराने कितीही चोख वाचलं तरी पदाचा अर्थ तुम्हालाच लावावा लागतो, आणि घरच्या आठवणी इथे हमखास एक पायरी वर चढलेल्या असतात. मुंबई इलाख्यातल्या लहान गावांना १८५० च्या २६ व्या कायद्याने नगरपालिका मिळू लागल्या. पुढे १८७३ चा कायदा आला. या काळात सर्वसाधारण क्रम असा की अध्यक्षपदी कलेक्टर किंवा त्याच्या हाताखालचा अधिकारी, आणि गावातले व्यापारी, वकील, इनामदार हे नेमलेले सभासद. १८८२ साली लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला, त्यानंतरच्या १८८४ च्या कायद्याने निवडून आलेल्या सभासदांना मोठी जागा मिळाली. म्हणून १८८४ पूर्वीचा बिनसरकारी "नगराध्यक्ष" कागदात दिसला तर पुन्हा वाचा. बरेचदा तो सभासद किंवा उपाध्यक्ष असतो. आणखी एक खाचखळगा: त्या काळच्या कागदात "म्युनिसिपल कमिशनर" म्हणजे सभासद. आजच्या आयुक्ताचं पद डोक्यात ठेवून "खापरपणजोबा कमिशनर होते" असं छापू नका. सभासद असणं हाही त्या काळी मोठा मान होता, त्याला फुगवायची गरज नाही.

याचा पडताळा घरच्या चोपडीत मिळत नाही, बाहेर मिळतो. सरकारी नेमणुका मुंबई सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध होत. जिल्ह्याची जुनी गॅझेटियर, कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेली, नगरपालिका कधी स्थापन झाली, तिचं उत्पन्न किती, गावात कोणता व्यापार चाले हे सांगतात: खानदेश १८८०, नाशिक १८८३, अहमदनगर आणि सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५. यांतली माहिती त्या-त्या सालाच्या आसपासची आहे एवढं लक्षात ठेवायचं. नगरपालिकेचा पत्रव्यवहार पाहायचा तर मुंबई आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात. लिप्यंतरकार तिथे जाऊन शोध घेणार असेल तर तो वेगळा मेहनताना आहे, वाचनाच्या दरात बसत नाही, आणि त्यात काही न सापडण्याचीही शक्यता धरलेली असावी.

धर्मशाळेचं मात्र घरच्या खतावणीतच कळतं, आणि तिथे वाचन काळजीने हवं. व्यापारी पेढीवर धर्मादाय खातं वेगळं असे. मालाच्या प्रत्येक व्यवहारावर ठरावीक थोडी रक्कम धर्मादाय म्हणून कापली जाई; ती गिऱ्हाईक आणि आडतीच्या व्यवहारातून जमा होई, पेढी तिची सांभाळ करणारी. धर्मशाळेचे दगड, चुना, गवंड्याची मजुरी ही धर्मादाय खात्यात नावे पडली असेल तर ती इमारत सगळ्या पेठेच्या पैशाने उभी राहिली आणि तुमच्या पूर्वजाने ती पुढाकार घेऊन बांधून घेतली. घरखात्यात नावे पडली असेल तर स्वतःच्या पदरचे. दोन्ही असतील तर प्रमाण काढता येतं. हा फरक कुठल्याही दगडी शिलालेखावर मिळत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण लिप्यंतरातला सगळ्यात मोलाचा भाग हाच.

सावकारीचंही असंच स्वच्छपणे लिहावं. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात सुरू झालेला दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, त्यात लोकांनी सावकारांची खतं जाळली. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. तुमच्या पेटीत १८७५ आधीची खतं गायब आणि नंतरची शाबूत असतील तर तो योगायोग आहे का हे पाहायला हवं. अखेर न फिटलेल्या कर्जांतून जमिनी कशा आल्या हे गहाणखतांत दिसेल. ते वाचून घ्या. पण छापताना देणेकऱ्यांची नावं गाळा. त्यांची पणतवंडं त्याच गावात राहतात.

खतं हरवली असतील तर दुय्यम निबंधकाच्या जुन्या नोंदी पाहाव्यात. सूची क्रमांक १ नावावरून, सूची क्रमांक २ मालमत्तेवरून लावलेली असते; नाव नेमकं माहीत नसेल तर दुसरीने सुरुवात करा. ऑनलाइन मिळणारे जुने फेरफार आणि सातबारे उपयोगी आहेत, मात्र एकोणिसाव्या शतकासाठी त्यांच्यावर फार विसंबू नका. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी इथल्या तीर्थोपाध्यांच्या वह्या वंशावळ पडताळायला उत्तम: तिथे पूर्वजाने भावांची, मुलांची नावं स्वतः लिहून दिलेली असतात.

फोटो आणि हाताळणी

निम्मी वाचनं फोटोमुळे बिघडतात. चोपडी सपाट ठेवा, पुठ्ठा जबरदस्तीने उलटा दुमडू नका, शिवण तुटते. खिडकीच्या बाजूने येणारा उजेड, फ्लॅश बंद, कॅमेरा पानाला समांतर. कागदावर पूर्वी रकाने पाडण्यासाठी घातलेल्या उभ्या घड्या असतात. घडीत बहुतेक वेळा आण्याची रेघ लपते, म्हणून अशा पानाचे दोन फोटो घ्या, दुसरा उजेडाची बाजू बदलून. प्रत्येक फोटोत पानाच्या आकड्याची चिठ्ठी दिसू द्या. कोरी पानंही घ्या, नाहीतर क्रम चुकतो. जुनी शाई काजळाची असेल तर पाण्याने पुसली जाते: ओला कपडा, थुंकी लावलेलं बोट, दोन्ही वर्ज्य. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन कधीच नको. धूळ मऊ कोरड्या कुंचल्याने, शिवणीकडून बाहेर.

मोबाइलमधलं कुठलंतरी साधन मोडी वाचून देईल का, हे सगळेच विचारतात. २०२५ साली आयआयटी रूरकीने मोडीतून देवनागरीत आणणारं संगणकीय मॉडेल जाहीर केलं, आणि ही दिशा आशेची आहे. पण सावकारी कीर्दीतल्या रेघा, संक्षेप आणि खात्यांचे आकडे यासाठी आज तरी माणूसच लागतो. यंत्राने काढलेला मजकूर लिप्यंतरकाराने तपासून दिला तर हरकत नाही. तसं असल्यास सांगायला लावा.

बोली आणि पोच

पानाच्या दराने काम ठरवू नका. कीर्दीच्या एका पानावर आठ ओळी असतात, दुसऱ्यावर पंचेचाळीस. ओळीचा दर दोघांनाही न्यायाचा. पहिल्या हप्त्यात पन्नास पानांपेक्षा जास्त देऊ नका, पुढचं काम पहिल्याच्या तपासणीनंतर.

पोच कशी हवी ते लिहून द्या. मूळ ओळ जशी तशी देवनागरीत, मूळ शुद्धलेखनासह. संक्षेप फोडला तर फोडलेला भाग चौकटी कंसात. अंदाजाने वाचलेल्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह. फाटलेल्या जागी टिंबं. खाली वेगळ्या परिच्छेदात आजच्या मराठीत अर्थ. हे दोन भाग एकत्र मिसळून "सोप्या भाषेत" गोष्ट लिहून देणारे पुष्कळ आहेत. वाचायला ते छान वाटतं, पण त्यातलं चोपडीतलं काय आणि लिहिणाऱ्याचं काय हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. प्रश्नचिन्ह एकही नसलेलं लिप्यंतर आलं तर ते मी परत तपासायला पाठवीन: दीडशे वर्षांच्या घाईच्या मोडीत कुठेच शंका आली नाही, हे पटणारं नाही.

फाइलचं नाव फोटोच्या नावाशी जुळतं ठेवायला सांगा, म्हणजे चोपडी ३ पान ४१ चा मजकूर त्याच नावाने सापडेल. मूळ चोपड्या शक्यतो घराबाहेर देऊच नका, फोटोच द्या. द्याव्याच लागल्या तर संख्या, प्रत्येकीची पानं आणि पहिल्या पानावरचं साल लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि परत आल्यावर त्याच यादीवरून मोजून, बिनरंगाच्या सुती रुमालात बांधून ठेवा.